आधी पाणी, मग रेणू



 थेट परीक्षानळीकडे वळतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रयोगशाळेत फ्लोराइड ओळखणारा एक थायोयुरिया रेणू तयार झाला. ॲसिटोनायट्राइलमध्ये फिकट पिवळा. टेट्राब्युटाइलअमोनियम फ्लोराइड टाकलं की क्षणात गर्द लाल. विद्यार्थिनी हरखून गेली. मग तिने पिपेटने पाण्याचे थोडे थेंब सोडले, आणि नळी पुन्हा पिवळी झाली. शोधनिबंध छापून आला. त्या थेंबांना त्यात एक ओळ मिळाली, तीही शेवटाकडे. ती ओळ मला अजून टोचते. निबंधाची सुरुवातच तिथून व्हायला हवी होती.

कारण फ्लोराइडचं दुखणं पाण्यातलंच आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड जिल्ह्यांतल्या कित्येक गावांत बोअरवेलचं पाणी दिसायला नितळ, चवीलाही काही कळत नाही. मुलांच्या दातांवर मात्र तपकिरी पट्टे, आणि वर्षानुवर्षं ते प्यायलेल्यांचे सांधे आखडलेले. भारतीय मानकानुसार लिटरमागे १ मिलिग्रॅम चालतं, दुसरा स्रोतच नसेल तर १.५. हिशेब करून पाहा: १.५ मिलिग्रॅमला एका फ्लोराइड आयनामागे पाण्याचे सुमारे सात लाख रेणू येतात. हा चिमुकला आयन त्यांना घट्ट धरून असतो. त्या गराड्यातून त्याला बाहेर काढायला थायोयुरियाच्या नुसत्या हायड्रोजन बंधाचं बळ पुरत नाही.

ज्यांचे संवेदक प्रत्यक्ष नमुन्यात चालले, त्यांनी तो नमुना आधी पाहिला. रॉजर त्सिएन यांच्यासमोर जिवंत पेशी होती. तिथे मुक्त कॅल्शियमच्या हजारो पट मॅग्नेशियम असतं. म्हणून १९८० मध्ये त्यांनी बाप्टा हा रेणू घडवला तो कॅल्शियमला कवेत घेणारा, मॅग्नेशियमला दाद न देणारा. १९८५ चा प्रतिदीप्ती देणारा फ्युरा-२ त्याच कुळातला. बेलफास्टच्या ए. प्रसन्न डी सिल्वा यांची रचना तर आपण सगळेच शिकवतो. एका टोकाला ग्राही, मध्ये आखूड दुवा, दुसऱ्या टोकाला प्रतिदीप्ती देणारा भाग. ग्राहीच्या नायट्रोजनवरचा इलेक्ट्रॉन उडी मारून प्रकाश विझवतो. आयन येऊन बसला की उडी थांबते आणि नळी उजळते. याच तत्त्वावरचे सोडियम-पोटॅशियमचे संवेदक रक्त तपासणाऱ्या यंत्रांत काम करतात. फ्लोराइडच्या बाबतीतही हे अशक्य नाही: टेक्सासमध्ये फ्रान्स्वा गाबाई यांच्या गटाने बोरॉनशेजारी धनप्रभार बसवून त्याला पाण्यात पकडलं आहे.

आपल्या नव्या रेणूंची स्पर्धा एकमेकांशी नाही, झिर्कोनियम-ॲलिझरिनच्या जुन्या चाचणीशी आहे. फ्लोराइड लागताच तिचा लालसर रंग पिवळा पडतो. सल्फेट, फॉस्फेट, ॲल्युमिनियम तिच्यात लुडबुडतात, तरी ती विहिरीवर चालते, म्हणून मी तिला मान देतो. गावचा जलसुरक्षक भर उन्हात नळी धरून उभा असतो. तिथे मंद प्रतिदीप्ती दिसणारच नाही. त्याच्यासाठी रंगच हवा, आणि पिवळ्याचा जरा गडद पिवळा झालेला नको, लांबून ओळखू यावा असा हवा. प्रतिदीप्ती अंधाऱ्या पेटीत, दिव्यासह द्यावी. तिथे ती रंगापेक्षा कितीतरी कमी फ्लोराइड दाखवू शकते.

उद्या या अधिवेशनाच्या पोस्टर सत्रात दाराशी एक कॅन ठेवलेला असेल. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बोअरवेलचं पाणी आहे, गाळलेलं नाही. शेजारी परीक्षानळ्या आहेत. ज्यांचा संवेदक तयार आहे, त्यांनी तो सोबत आणावा. मीही आमचा आणणार आहे.