गाडीची किंमत आणि गाडीची वैरण



बैलबाजारात गेलेला जाणता शेतकरी मनात दोन हिशेब धरून जातो. बैल केवढ्याला पडेल, हा पहिला. त्याला वर्षभर वैरण किती लागेल, हा दुसरा. पहिला हिशेब एकदा केला की संपतो. दुसरा मात्र बैल दावणीला असेपर्यंत रोज करावा लागतो.

आज मी ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती आपल्यापैकी बहुतेकांच्या दारात कधी उभी राहायची नाही. ती म्हणजे स्पोर्ट्‌स कार. दोन माणसांपुरती, बुटकी आणि वाऱ्यासारखी पळणारी गाडी. आपल्याला तिचे काय, असे आपण म्हणाल. पण ऐका तर खरे.

माझा एक जुना विद्यार्थी जर्मनीत नोकरीला आहे. शेतकऱ्याचा मुलगा. गेल्या वर्षी त्याचा फोन आला. "सर, एक जुनी जर्मन स्पोर्ट्‌स कार स्वस्तात मिळतेय. तेवढ्याच पैशांत एखादी जपानीही मिळेल. कोणती घेऊ?" ते पैसे म्हणजे त्याची तीन वर्षांची शिल्लक होती, आणि त्याला परदेशी पाठवताना वडिलांनी काढलेल्या कर्जाचे शेवटचे हप्ते अजून फिटायचे होते. वडिलांना त्याने गाडीचे सांगितले, तेव्हा त्यांनी एकच विचारले, "तिला वैरण किती लागते रे?"

मी काही मिस्त्री नव्हे, अर्थशास्त्र शिकवणारा माणूस. तरी जाणत्यांना विचारले, वाचले, आणि माझ्या ध्यानात आले की खरा प्रश्न वडिलांनीच विचारला होता.

आधी दोन गाड्यांची ओळख करून घेऊ. जर्मनीतल्या स्टुटगार्टची पोर्शे कंपनी. तिची ९११ ही गाडी १९६३ मध्ये प्रथम लोकांपुढे आली. हिचे इंजिन मागे, चाकांच्याही पलीकडे. दुसरी जपानातल्या हिरोशिमाच्या माझदा कंपनीची एमएक्स-५. ही १९८९ मध्ये आली. हिचे इंजिन पुढे, चार सिलिंडरांचे, आणि कंपनीच्या साध्या घरगुती मोटारीच्या इंजिनावरूनच घडवलेले. पहिल्या एमएक्स-५ चे वजन टनाच्या आतच होते.

आता पाहा, एवढ्यावरूनच वैरणीचा अर्धा अंदाज येतो. गाडी हलकी, म्हणून टायर आणि ब्रेक कमी झिजतात. इंजिन साध्या मोटारीच्या घराण्यातले, म्हणून सुटे भाग मुबलक. झाकण उघडले की इंजिन समोर, म्हणून मिस्त्रीचा वेळ वाचतो, आणि तिकडे मिस्त्रीच्या तासाला चांगले दाम पडतात. उलट पोर्शेच्याच बॉक्स्टर या धाकट्या गाडीत इंजिन मधोमध दडवलेले असते. वरून ते दिसतसुद्धा नाही. बरीचशी कामे गाडी उचलून खालून करावी लागतात.

बॉक्स्टर १९९६ मध्ये आली. तिच्या आणि तिच्या मागोमाग आलेल्या ९११ च्या इंजिनात एका आतल्या दांड्याला एक लहानसे बेअरिंग होते. ते सगळ्यांचेच फुटले असे नाही. पण ज्यांचे फुटले, त्यांचे बहुधा सगळे इंजिनच गेले. अमेरिकेत मालक कोर्टात गेले आणि २००१ ते २००५ या सालांच्या गाड्यांबाबत २०१३ मध्ये तडजोड झाली. मूठभर लोखंडाने हत्ती बसवला म्हणायचा!

मग जर्मन वाईट आणि जपानी चांगली, असा निकाल द्यायचा का? थांबा. त्याच माझदा कंपनीने २००३ मध्ये आरएक्स-८ नावाची गाडी विकायला काढली. तिच्या इंजिनात वरखाली होणारे दट्टे नाहीत, तिकोनी चक्र फिरते. कल्पना मोठी सुंदर. पण हे इंजिन पेट्रोलबरोबर थोडे वंगणही जाळते, आणि चक्राच्या टोकांवरच्या पट्ट्या झिजल्या की इंजिन उघडावे लागते. ही जपानी गाडी असून तिची वैरण भारी. आणि जर्मनीत गाड्यांची जी सक्तीची तपासणी होते, तिच्या अहवालांत कमी दोष असलेल्या गाड्यांत पोर्शे ९११ अनेकदा पहिल्या रांगेत आलेली आहे.

हे कोडे कसे सोडवायचे? ९११ मुळात चांगली बांधलेली आहे, हे खरेच. पण तिचा मालकही बहुधा पैसेवाला असतो. गाडी जपून, थोडी चालवतो. तेल वेळेवर बदलतो, दुरुस्तीला हात आखडता घेत नाही. म्हणजे तपासणीत गाडीबरोबर मालकाचीही परीक्षा होते. गाडी बिघडत नाही, ही एक गोष्ट. ती न बिघडावी म्हणून किती खर्च येतो, ही दुसरी. या दोहोंची आपण गल्लत करतो.

आता जुन्या गाडीच्या स्वस्ताईकडे वळू. समजा, ६०,००० युरोची गाडी पंधरा वर्षांनी १५,००० युरोला मिळाली. घेणाऱ्याला वाटते, चौथाई किमतीत घबाड मिळाले. पण गाडीची किंमत उतरली म्हणून तिच्या क्लचची, ब्रेकची, पंपाची किंमत उतरत नाही. सुटे भाग ६०,००० च्याच गाडीचे असतात. विकत घेणारा पंधराचा आणि वैरण साठाची, असा हा व्यवहार. महागडी वस्तू जुनी झाली तरी तिची देखभाल महागडीच राहते, हे सूत्र मोटारीपुरतेच नाही.

राहता राहिला देशाचा प्रश्न. टिकाऊपणा जपानी माणसाच्या रक्तात असतो, असे काही जण म्हणतात. मला ते पटत नाही. जपानच्या टोयोटा कारखान्यात एक रीत आहे. दोष दिसला की साध्या कामगारानेही दोरी ओढायची, आणि दोष निस्तरला नाही तर चालू काम थांबवायचे. चूक पुढे ढकलायची नाही. ही रक्ताची गोष्ट नव्हे, सवयीची आहे. आणि सवय शिकता येते.

पोर्शेने ती शिकली. १९८६ मध्ये अमेरिकेत तिच्या ३०,००० हून अधिक गाड्या खपल्या होत्या. १९९३ मध्ये ४,००० सुद्धा खपल्या नाहीत. कंपनी बुडायच्या बेतात आली. तेव्हा वेंडेलिन वीडेकिंग या नव्या प्रमुखांनी टोयोटात काम केलेले जपानी तज्ज्ञ बोलावून घेतले. कारखान्यात सुट्या भागांच्या उंच उंच मांडण्या होत्या आणि कामगारांचा वेळ शोधाशोधीत जाई. तज्ज्ञाने वीडेकिंग यांच्याच हाती करवत दिली आणि त्यांनी स्वतः त्या मांडण्या वरून कापून टाकल्या, असे सांगतात. मोठेपणा बाजूला ठेवून परक्याकडून शिकणे सोपे नसते. कंपनी तरली ती त्यामुळेही. पुढे २०१९ मध्ये टोयोटाने आपली सुप्रा ही स्पोर्ट्‌स कार पुन्हा आणली, तेव्हा तिचे इंजिन होते जर्मनीच्या बीएमडब्ल्यूचे आणि जोडणी ऑस्ट्रियात. आता सांगा, ही गाडी कोणत्या देशाची?

म्हणून मी त्या विद्यार्थ्याला लिहिले, "अरे, देश विचारू नकोस. तीन गोष्टी विचार. आजवरच्या देखभालीची वही आहे का? पुढच्या दोन वर्षांत कोणते भाग बदलावे लागतील? आणि गाडी घेतल्यावर त्यासाठी हाताशी पैसे उरतील का?"

त्याने गाडी त्रयस्थ मिस्त्रीला दाखवली. वही अर्धवट निघाली. मिस्त्रीने सांगितलेला दुरुस्तीचा आकडा गाडीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्श्याएवढा होता. पोराने गाडी सोडली. आधी वडिलांचे कर्ज फेडले. यंदा एक जुनीच, पण वही पुरी असलेली जपानी गाडी घेतली, आणि दुरुस्तीसाठी रक्कम वेगळी काढून ठेवली.

शिक्षक बंधुभगिनींनो, मुलांना गणितात एवढे एक उदाहरण जरूर घाला. सायकल असो, विहिरीवरचा पंप असो की मोबाईल. वस्तूची किंमत एका बाजूला आणि पाच वर्षांची देखभाल दुसऱ्या बाजूला मांडायला सांगा. घरची वस्तू घ्या म्हणजे बेरीज करताना आईबापही शेजारी येऊन बसतील.

त्या विद्यार्थ्याचे वडील आजही मोटारीतले काही जाणत नाहीत. पण दर महिन्याला फोनवर विचारतात, "या महिन्यात वैरण किती झाली?" आणि मुलगा वही उघडून आकडा सांगतो.