नाणं विकताना काय लिहायचं

आपल्या भिवंडीत मागावरून कापड उतरलं की कुणीतरी ते नजरेखालून घालतं. दोष नसला तर फ्रेश, दोष निघाला तर सेकंड, आणि मग भावही खाली येतो. सेकंड ताग्याला फ्रेश म्हणून खपवलं तर व्यापारी पुन्हा त्या कारखान्याची पायरी चढत नाही. जुन्या नाण्यांच्या बाजारातही अशीच प्रतवारी असते. आपल्या गटांतल्या कितीतरी जणींच्या देव्हाऱ्यात आजीचे चांदीचे रुपये आहेत, आणि ते मोबाईलवरून विकावेत असं आता अनेकींना वाटतं. म्हणून आज हा विषय घेतला.

सगळ्यात वरची प्रत 'अनसर्क्युलेटेड', म्हणजे टांकसाळीतून निघाल्यावर व्यवहारात न फिरलेलं नाणं. त्याखाली 'एक्स्ट्रीमली फाईन', 'व्हेरी फाईन' आणि 'फाईन'. आता 'फाईन' ऐकायला किती छान! प्रत्यक्षात ते बरंच झिजलेलं नाणं असतं. झीज आधी उंच भागावर दिसते. राजाचा मुकुट, कानाजवळचे केस बघा. तिथल्या रेषा पुसट असतील तर नाणं हातोहात फिरलेलं आहे, मग ते कितीही चमकू दे. चिंच-मीठ लावून घासलेली चमक संग्राहक लगेच ओळखतो आणि किंमत पाडतो. तेव्हा नाणं घासू नका. आधीच घासलेलं असेल तर तसं लिहा.

'शुद्ध चांदी' हे शब्दही जपून वापरायला हवेत. पंचम जॉर्जच्या रुपयात जवळपास 92 टक्के चांदी होती. 1940 पासूनच्या रुपयात ती निम्मीच राहिली, आणि 1947 चा रुपया तर निकेलचा. तो लोहचुंबकाला चिकटतो, करून बघा. वजन मात्र तिन्हींचं एकच, 11.66 ग्रॅम, म्हणजे जुना एक तोळा. म्हणून नुसत्या वजनावर विसंबू नका, साल वाचा.

शिवराईचं तसंच. 'श्री राजा शिव' अक्षरं दिसली की लोक सरळ 'महाराजांच्या काळातली' असं लिहून मोकळे होतात. पण शिवराया पेशवाईतही पाडल्या जात होत्या. जाणकाराने पाहिलेली नसेल तर फक्त 'शिवराई' लिहावं. महाराजांचं नाव घेऊन खोटं बोलणं आम्हाला तरी पटत नाही.

आता कायद्याचं. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांनुसार जाहिरातीत लिहिलेलं आणि पाठवलेली वस्तू जुळली पाहिजे. जुळली नाही तर विक्रेत्याला माल परत घेण्यास नकार देता येत नाही. स्वतःच गिऱ्हाईक बनून कौतुकाचे अभिप्राय टाकायलाही बंदी आहे. घरातलं एखादं नाणं एकदाच विकणारीला हे नियम लागत नाहीत, पण गटाने नियमित धंदा मांडला की लागतात. शंभर वर्षांहून जुनं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं. त्याचा धंदा करायला परवाना लागतो आणि ते आपल्याला परदेशी पाठवता येत नाही. गिऱ्हाईक दुबईचं असलं तरी नाही. शेतात नांगरताना नाण्यांचा हंडा लागला तर ती गुप्तधनाची बाब, जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं.

खोटं लिहिणारे विक्रेतेच असतात असं नाही. वैष्णोदेवीचं चित्र असलेल्या पाच रुपयांच्या नाण्याला लाखो रुपये मिळतात, असे निरोप आपल्यालाही आले असतील. निरोपामागून फोन येतो: आधी नोंदणीची फी भरा, मग कर भरा, मग कमिशन. वर रिझर्व्ह बँकेचं चिन्ह! ऑगस्ट 2021 मध्ये रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलं की जुन्या नोटा-नाण्यांच्या अशा व्यवहारात ती नाही, आणि कुणाला तिच्या नावाने पैसे घ्यायचा अधिकारही दिलेला नाही. पैसे गेलेच तर वेळ न घालवता 1930 वर फोन करा. माल वेगळा निघाल्याची तक्रार असेल तर 1915 वर.

जाहिरात लिहायला बसलात की दोन्ही बाजूंचा आणि कडेचा फोटो दिवसाच्या उजेडात काढा. मग एवढंच लिहा: '1944 चा रुपया, चांदी निम्मी, मुकुट झिजलेला, कडेला एक खाच, एकदा धुतलेला.'