आनंदीबाईंचा अर्ज आणि आपल्या मुलांचं पत्र

(मंडळाच्या गणेशोत्सवात झालेल्या भाषणाचं शब्दांकन)



विद्येच्या देवतेसमोर बोलायचं, म्हणून शिक्षणातलाच एक अडचणीचा विषय घेतो. आपल्यापैकी अनेकांचे वडील किंवा आजोबा धुळे, जळगाव, नंदुरबारकडून तापी लाइनच्या गाडीने सुरतेत आले. कोणी लूम्सवर उभं राहिलं, कोणी डाईंग मिलमध्ये. आता त्यांची नातवंडं परदेशी विद्यापीठांत अर्ज करू लागली आहेत. तिथे गुणपत्रकासोबत बऱ्याचदा एक पत्र मागतात. जर्मनीत त्याला मोटिव्हेशन लेटर म्हणतात, अमेरिकेत स्टेटमेंट ऑफ पर्पज. हाच अभ्यासक्रम मला का शिकायचा आहे, हे त्यात एक-दोन पानांत सांगायचं असतं. आपली मुलं तिथेच अडतात.

आपल्या पांडेसऱ्यातलीच एक मुलगी असं पत्र दाखवायला माझ्याकडे आली होती. बी.एस्सी. केमिस्ट्री झालेली, पाणी शुद्ध करण्याच्या तंत्राचं पुढचं शिक्षण तिला घ्यायचं होतं. पत्राचं इंग्रजी गुळगुळीत. सुरुवातीला लहानपणापासूनची विज्ञानाची आवड, शेवटी विद्यापीठाची स्तुती. नाव बदललं की कुठल्याही विद्यापीठाला चालेल असं ते पत्र. मी विचारलं, "बेटा, पप्पा काय करतात?"

ती जरा थांबली. "डाईंगमध्ये आहेत, सर. स्टेंटरवर."

"मग ते यात का नाही?"

"ते कसं लिहायचं, सर? लाज वाटते."

तेव्हा मी तिला आनंदीबाई जोशींची गोष्ट सांगितली. डॉक्टर होण्यासाठी त्या अमेरिकेला गेल्या, हे आपण सगळे जाणतो. पण त्यांनाही अर्ज करावा लागला होता. १८८३ साली अमेरिकेत पोहोचल्यावर त्यांनी पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयाला पत्र लिहिलं. वय अठरा. हातात कुठली पदवी नाही. पत्रात त्यांनी आपली कमतरता लपवली नाही. प्रवेशाच्या सगळ्या अटींत मी कदाचित बसणार नाही, माझी परिस्थिती वेगळी आहे, ती लक्षात घ्या, असं त्यांनी सांगितलं. मग आपली जमेची बाजू मांडली: मित्रमंडळी आणि जातबांधवांचा विरोध पत्करून ज्या निश्चयाने मी इथवर आले, तोच निश्चय मला पुढे नेईल. आणि कशासाठी शिकायचं, तेही स्पष्ट लिहिलं: माझ्या देशातल्या बायका पुरुष डॉक्टरकडून उपचार घेण्यापेक्षा मरण पत्करतात, त्यांच्यासाठी मला शिकायचं आहे.

चौदाव्या वर्षी आई झालेल्या आणि दहा दिवसांत बाळ गमावलेल्या मुलीचं हे वाक्य होतं. नमुना पाहून ते लिहिता आलं नसतं.

निघण्यापूर्वी, फेब्रुवारी १८८३ मध्ये, बंगालमधल्या श्रीरामपूरला त्यांनी जाहीर भाषण केलं होतं. लोक जे विचारत होते, तेच प्रश्न घेऊन त्यांनी एकेकाचं उत्तर दिलं. अमेरिकेला का जातेस? हिंदुस्थानात शिकता येत नाही का? एकटी का? जातीबाहेर टाकलं तर? "इथे शिकता येत नाही का" याला त्यांचं उत्तर हवेतलं नव्हतं. मद्रासला एक कॉलेज आहे, इतरत्र फक्त सुईणीच्या कामाचे वर्ग आहेत, अशी माहिती काढून त्या बोलल्या.

मुलांनो, पत्र लिहायला बसण्याआधी असेच प्रश्न वहीत लिहा. नेमकं काय शिकायचं आहे? त्याच विद्यापीठात का, तिथला कुठला विषय, कुठली प्रयोगशाळा? आजवर आपण स्वतः काय केलं? शिकून कोणाच्या उपयोगी पडायचं आहे? कमी कुठे पडतो? मोठी विशेषणं काढा. गुणपत्रकातले आकडे पुन्हा लिहू नका. शब्दमर्यादा पाळा. आणि पैसे देऊन दुसऱ्याकडून लिहून घेऊ नका. उसनं पत्र बऱ्याचदा ओळखू येतं, आणि पकडलं गेलं तर प्रवेशही जातो.

त्या मुलीने पत्र पुन्हा लिहिलं. शाळेत जाताना खाडीच्या पाण्याकडे बघून आज मिलमध्ये कुठला रंग चालू आहे हे मैत्रिणी ओळखायच्या, इथून सुरुवात केली. कॉलेजच्या प्रकल्पात तिने रंगीत पाण्यात तुरटी टाकून रंग खाली बसवला होता. पाणी स्वच्छ दिसलं, म्हणून घरी आनंदाने सांगितलं. पप्पांनी विचारलं, "आणि तो खालचा गाळ कुठे टाकणार?" तिच्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधायलाच मला तुमच्याकडे यायचं आहे, असं तिने लिहिलं. आई आजारी असताना एका सत्रात गुण कमी पडले होते, तेही एका वाक्यात सांगून टाकलं.

दोन ठिकाणांहून नकार आला. तिसरीकडे प्रवेश मिळाला.

आनंदीबाई ११ मार्च १८८६ रोजी डॉक्टर झाल्या, मायदेशी परतल्या आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या. बावीस वर्षंही पूर्ण झाली नव्हती. ज्या बायकांसाठी त्या शिकल्या, त्यांची सेवा त्यांच्या हातून व्हायची राहिली. तरी त्यांच्या अर्जातला शब्दन् शब्द खरा होता, म्हणून तो आजही वाचावासा वाटतो.

शेवटी पालकांना एक विनंती. पाळी संपवून घरी आल्यावर आपण कामाचं काही बोलत नाही. मुलांनी त्यात पडू नये असं वाटतं. यंदा आरती झाल्यावर मुलांना जवळ बसवा. पहिल्यांदा सुरतेला कसे आलात, मशिनवर काय शिकलात, काय जमलं नाही, ते सांगा. मुलं पत्र लिहायला बसतील, तेव्हा यातलंच काहीतरी त्यांच्या कामी येईल.

मंगलमूर्ती मोरया!