फळांची साल आणि पाण्याची पारख

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाला चार गोड शब्द बोलावेत अशी रीत आहे. चिटणीसबाईंनी मात्र मला "तो सालींचा प्रयोग पुन्हा एकदा सांगा" असा आग्रह केला, आणि मी तो लगेच मान्य केला. त्याला कारण आहे. दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तो प्रयोग करताना मी एक वाक्य चुकीचे बोलले होते. ते आज आपल्या सर्वांसमक्ष दुरुस्त करावयाचे आहे.

ज्या भगिनी त्या दिवशी नव्हत्या त्यांच्यासाठी प्रयोग थोडक्यात सांगते. संत्र्याच्या साली उन्हात कडकडीत वाळवाव्यात आणि मिक्सरमध्ये दळाव्यात. ती पूड गरम पाण्याने पुन्हा पुन्हा धुवावी. वरचे पाणी पिवळे येईनासे झाले, की परत वाळवावी. आता एका काचेच्या भांड्यात पाणी घेऊन त्यात जेन्शियन व्हायोलेटचा एक थेंब टाकावा. हे ते जांभळे औषध, लहानपणी तोंड आले की आई आपल्या जिभेला लावीत असे ते. मग चमचाभर पूड घालून अर्धा तास ढवळीत राहावे आणि पाणी फडक्यातून गाळून घ्यावे. जांभळा रंग बहुतेक सालीला जाऊन चिकटलेला असतो.

यात जादू काही नाही. पोळी आमटीत बुडविली तर ती आमटी पिऊन घेते, ते शोषण. पण लोकरीच्या शालीला केस आणि धागे नुसते वरवर चिकटून बसतात, तसे पाण्यातले पदार्थ सालीच्या पृष्ठभागाला चिकटतात, त्याला शास्त्रात अधिशोषण म्हणतात. सालीत सेल्युलोज, पेक्टिन, लिग्निन असे पदार्थ असतात आणि पाण्यात त्यांच्यावर ऋण विद्युत्भार येतो. जेन्शियन व्हायोलेटचा रंग धन भाराचा, म्हणून तो ओढला जातो. ऋण भाराच्या रंगांना साधी साल दाद देत नाही. तेथे पाणी आंबट करावे लागते. पहिल्या खेपेला मी पूड न धुताच वापरली होती. तेव्हा पाणी पिवळे झाले आणि दुसऱ्या दिवशी त्याला असा वास सुटला, की यजमानांनी भांडे उचलून गॅलरीत नेऊन ठेवले!

ही कल्पना माझी नव्हे. कोइमतूरच्या भारतीयार विद्यापीठातील डॉ. सी. नामशिवायम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संत्र्याच्या सालीने पाण्यातील रंग काढण्याचे संशोधन १९९६ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर केळी, मोसंबी, डाळिंब अशा कितीतरी फळांच्या सालींवर देशोदेशी काम झाले आहे. त्याही आधीची एक गोष्ट तर आपल्यासारख्या गृहिणींचीच आहे. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, विषारी वायूपासून सैनिकांना वाचविणाऱ्या मुखवट्यांसाठी अमेरिकेत घरोघरी पीच फळाच्या कोयी आणि कठीण कवचे गोळा करण्यात आली. त्यांचा कोळसा करून तो मुखवट्यात भरीत. आज आपल्या स्वयंपाकघरातील गाळणयंत्रात नारळाच्या करवंटीपासून केलेला असाच कोळसा पुष्कळदा असतो. त्याच्या एका ग्रॅममधील सूक्ष्म छिद्रांच्या भिंती उलगडून पसरल्या, तर हजार चौरस मीटरांच्या आसपास जागा भरेल. म्हणजे आपल्याकडची पाचशे चौरस फुटांची वीस घरे!

हे सर्व खरे आहे. आणि हे सांगून झाल्यावर, तुम्ही टाळ्या वाजवीत असताना, मी आनंदाच्या भरात म्हणाले, "पाहिलंत? साल पाणी शुद्ध करते."

हेच ते वाक्य.

त्या दिवशी दारापाशी आमच्याकडे कामाला येणारी बाई उभी होती. ती नाल्याकाठच्या वस्तीत राहते. तेथे दहाबारा घरांत एक नळ, आणि पावसाळ्यात त्याला कधीकधी गढूळ पाणी येते. तिने माझ्याकडूनच वाटीभर पूड मागून नेली. मीही कौतुकाने दिली. पुढे जुलै महिन्यात ती चार दिवस आली नाही. पाचव्या दिवशी कळले, की तिच्या सहा वर्षांच्या मुलीला जुलाब-उलट्या होऊन रुग्णालयात सलाइन लावावे लागले. मी भेटायला गेले. ती माझ्याशी भांडली नाही, एक शब्द वाकडा बोलली नाही. एवढेच म्हणाली, "बाई, पाणी तर अगदी स्वच्छ दिसत होतं. पूड रात्रभर ठेवायचे, म्हणून उकळायचं सोडलं. गॅस वाचत होता."

भगिनींनो, मी तीस वर्षे शाळेत रसायनशास्त्र शिकविले. त्या खाटेजवळ मला त्यातले काही सुचेना. मुलगी बरी झाली, आता शाळेत जाते. पण ते वाक्य माझ्या मनातून जात नाही.

चूक कोठे झाली ते नीट समजून घेऊ. साल रंग धरते, काही रसायने धरते. रोगजंतू मारीत नाही. उलट न धुतलेल्या सालीतील साखर पाण्यात उतरते आणि जंतूंना आयते खाद्य मिळते. दुसरे असे, की नगरपालिकेच्या नळाच्या पाण्यात जो थोडा क्लोरीन शिल्लक असतो तो आपला पहारेकरी. सालीसारखे सेंद्रिय पदार्थ पाण्यात पडले, की तो त्यांच्यावरच खर्च होतो. म्हणजे मी दिलेल्या पुडीने पहारेकऱ्यालाच घालवून दिले असणार. आपल्या आज्या निवळीचे बी मडक्याच्या आतून घासून गढूळ पाणी निवळीत. कोणी तुरटी फिरवी. तेही निवळणेच, निर्जंतुक करणे नव्हे. निवळ पाणी निराळे आणि निर्धोक पाणी निराळे. ही पारख डोळ्यांनी होत नाही.

मग सालीचा उपयोग काय? आहे, पण घरच्या हंड्यात नव्हे. ऑगस्ट २०१७ मध्ये नव्या मुंबईतील तळोज्याला निळे झालेले कुत्रे दिसले, ते आपणांस आठवत असेल. कारखान्याचे रंगाचे पाणी कासाडी नदीत सोडल्याचा तो परिणाम होता. अशा सांडपाण्यासाठी स्वस्त उपाय शोधताना सालींचा विचार होतो. तेथेही वापरलेल्या सालीत तो रंग बसलेलाच असतो. ती नाल्यात टाकली तर केले न केले सारखेच. तिची विल्हेवाट काळजीपूर्वकच लावावी लागते.

आपली दहिसर नदी राष्ट्रीय उद्यानाच्या डोंगरातून निघते आणि सुमारे बारा किलोमीटरांत मनोरीच्या खाडीला मिळते. वरच्या अंगाला ती नितळ आहे. आपल्या वस्तीत शिरली की काळी होते. ती काळी झाल्यावर तिच्यात साली टाकून ती उजळणार नाही. रंगाचे उरलेले डबे, जुनी औषधे, तळणीचे तेल आपण मोरीत ओतले नाही, तर तेवढा भार तरी कमी होईल. आपल्या घरच्या साली खतासाठी जाऊ द्याव्यात. त्यात त्यांचे सोने होते.

शेवटी एक विनंती. गेल्या पावसाळ्यापूर्वी मी त्या वस्तीत जाऊन घरोघरी सांगून आले, की मागे सांगितले ते चुकीचे होते; पाणी गाळा, खळखळून उकळा आणि झाकून ठेवा. उकळणे शक्य नसेल तर क्लोरीनचे औषध सांगितलेल्या मापाने घाला आणि अर्धा तास थांबा. मी एकटी किती घरे फिरणार? आपण प्रत्येकीने आपल्याकडे काम करणाऱ्या बाईला एवढे समजावून सांगावे, आणि उकळायला गॅस परवडत नसेल तर तेही आपुलकीने विचारावे. गृहीत धरू नये. मी तेच केले होते.