वैऱ्याला दिलेला हात

मनुष्याचे मन हिशेबात मोठे चोख असते. कोणी उपकार केला तर तो विसरावयास त्याला फार दिवस लागत नाहीत. परंतु कोणी दुखविले, तर ती नोंद ते वर्षानुवर्षे जपून ठेवते. प्राचीन यहुदी धर्मशास्त्राने या वृत्तीला आवर घातला. जेवढी इजा तेवढाच दंड, त्याहून अधिक नाही, अशी मर्यादा त्याने आखून दिली. आणि स्वजनांवर सूड उगविण्यास लेवीय ग्रंथाने स्पष्ट मनाई केली.

येशू ख्रिस्त गिरिप्रवचनात याच्याही पुढे गेला. त्या काळी रोमन सैनिक वाटेने जाणाऱ्याला वेठीस धरून आपले ओझे वाहावयास लावीत. एक मैल चालण्याची सक्ती झाली तर आपण होऊन दोन मैल चालावे, असे त्याने सांगितले. पुढे पौलाने रोम येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात, नीतिसूत्रांचा आधार घेऊन, उपाशी वैऱ्याला अन्न व तहानलेल्याला पाणी देण्याचा उपदेश केला. म्हणजे या शिकवणीची अंगे दोन : उगारलेला हात आवरणे हे पहिले, आणि तोच हात मदतीसाठी पुढे करणे हे दुसरे.

दुसरे अंग किती कठीण आहे, हे नेदरलँड्समधील आस्पेरेन गावच्या डर्क विलेम्सच्या चरित्रावरून कळते. त्या देशावर तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपची सत्ता होती. जाणत्या वयात पुन्हा बाप्तिस्मा घेणाऱ्यांना देहान्ताची शिक्षा असे. त्यांच्यापैकी काहींनी १५३४ साली म्युन्स्टर शहर शस्त्रबळाने ताब्यात घेतले होते. त्या रक्तपातानंतर मेनो सिमन्स याने या लोकांना निःशस्त्र मार्गावर आणले. डर्क याच मार्गाचा. त्याने असा बाप्तिस्मा घेतला होता आणि आपल्या घरी गुप्त प्रार्थनासभा भरविल्या होत्या.

कैदेत पडल्यावर तो निसटला. शिपाई मागे लागला. वाटेत गोठलेले पाणी होते. त्यावरील पातळ बर्फावरून डर्क कसाबसा पलीकडे पोहोचला, पण शिपायाच्या पायाखालचा बर्फ फुटला आणि तो बुडू लागला. डर्क मागे फिरला व त्याला त्याने बाहेर ओढून काढले. कृतज्ञ शिपाई त्याला सोडून देऊ इच्छीत होता. परंतु नगराध्यक्षाने त्याला त्याच्या शपथेची आठवण करून दिली. डर्क पुन्हा पकडला गेला आणि १६ मे १५६९ रोजी त्याला जिवंत जाळण्यात आले. १६६० साली प्रसिद्ध झालेल्या डच हुतात्म्यांच्या चरित्रग्रंथात ही हकीकत आली आहे. त्याच्या १६८५ च्या आवृत्तीत यान लाउकेनने कोरलेले चित्र आहे, त्यात डर्क दोन्ही हात पुढे करून वाकलेला दिसतो.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. त्या बर्फावर डर्कला सूड घ्यावयाचा प्रश्नच नव्हता. त्याने नुसते पुढे जावयाचे होते. उरलेले काम थंड पाण्याने केले असते, आणि त्याच्या हातांना रक्ताचा डागही लागला नसता. सूड न घेणे एवढाच जर धर्म असता, तर तो पाळून तो सुखाने घरी पोहोचला असता. बुडणारा तर बुडालाच असता.

मग त्या उपकाराचे फळ काय, असा प्रश्न उरतो. शिपाई वाचला, डर्क वाचला नाही. व्यवहाराच्या दृष्टीने हा सौदा तोट्याचाच म्हणावा लागेल. परंतु ख्रिस्ताच्या शिकवणीत हा सौदा नव्हेच. परतफेडीच्या आशेने केलेला उपकार हाही एक हिशेबच असतो. सूडाच्या वहीचे ते दुसरे पान होय.

असा बर्फ प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. परंतु बांधाच्या तंट्यात ज्या भाऊबंदाने आयुष्याची दहा वर्षे कोर्टात घालविली, त्याच्या गोठ्याला एखाद्या रात्री आग लागते. त्या वेळी दार लावून स्वस्थ बसणे हा सूड नव्हे, असे मनाला सहज पटविता येते. घागर घेऊन धावणे मात्र त्याहून कितीतरी अवघड. आणि शिकवण आहे ती तेवढ्याचसाठी.