पहाऱ्यावरच्या संगणकाची नाडी

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात हट्टा येथे दिलेले व्याख्यान)



मंडळाच्या चिटणीसांनी या संमेलनात बोलण्याचे आमंत्रण मला दिले, तेव्हा एक अट घातली होती. विषय माझ्या नोकरीतला असावा, पण तो मागच्या रांगेत बसलेल्या आजीबाईंनाही कळावा. पहिला भाग सोपा होता. माझे सारे आयुष्य साखर कारखान्यांच्या नियंत्रण-कक्षात गेले, त्याखेरीज मला दुसरे काही ठाऊकच नाही. दुसऱ्या भागाविषयी मात्र शंका आहे. काही न कळल्यास दोष माझ्या वाणीचा मानावा.

कारखान्यातील यंत्रांवर पहारा ठेवणाऱ्या संगणकांवर पहारा कोणी ठेवावयाचा, हा माझा विषय. ऐकताना तो चमत्कारिक वाटेल. पण या गावाच्या शिवारात ज्यांचे बालपण गेले, त्यांना तो नवा नाही. जोंधळा हुरड्यात आला की आमचे आजोबा रात्री माळ्यावर राखणीस जात. मधूनमधून ते एक लांब हाक देत, आणि शेजारच्या शेतातून तशीच हाक परत येई. त्या हाकेत निरोप काहीच नसे. ती आली म्हणजे पलीकडचा माणूस जागा आहे, एवढेच कळे. दोनतीन हाकांना उत्तर मिळाले नाही की आजोबा कंदील घेऊन खाली उतरत आणि बांध ओलांडून पाहून येत. आपण पुढे जे बोलणार आहोत, ते एवढ्यातच आले आहे. पण मला ते शिकावयास पंचवीस वर्षे आणि एक भयंकर रात्र लागली.

वसमतचा पूर्णा सहकारी साखर कारखाना आपणांपैकी बहुतेकांनी पाहिला आहे. ऊस घेऊन गेलेल्यांना तर आतले अंगणही परिचित असेल. गळीत हंगामात असा कारखाना अहोरात्र चालतो. रस निघतो, तापतो, त्यात चुन्याची निवळी व गंधकाचा धूर मिसळतो, तो आटतो आणि शेवटी त्याचे दाणे होतात. चिपाडांचा भुसा, ज्याला आम्ही बगॅस म्हणतो, तो बॉयलरखाली जळतो आणि त्याच वाफेवर सारा कारखाना फिरतो. पूर्वी प्रत्येक झडपेपाशी माणूस उभा असे. आज तापमान, दाब, पातळी मोजणारी उपकरणे आपले आकडे एका नियंत्रकाकडे पाठवितात आणि तो झडपा उघडतो-मिटतो. हा नियंत्रक, ज्याला पीएलसी म्हणतात, १९६८ साली अमेरिकेत मोटारींच्या कारखान्याच्या गरजेतून डिक मॉर्ले व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केला. तो ओबडधोबड, काटक गडी आहे; एकदा शिकविलेले काम वर्षानुवर्षे बिनतक्रार करतो. त्याच्या वरच्या पायरीवर असतो संगणक. नियंत्रकाकडचे आकडे पडद्यावर चित्ररूपाने दाखविणे, मर्यादा ओलांडली की घंटा वाजविणे आणि सर्व गोष्टींची नोंद ठेवणे, ही त्याची कामे.

बँकेतल्या संगणकाचाच हा थोरला भाऊ. अंगाने दणकट, पण आतून तितकाच नाजूक. त्याच्या पोटातील पंख्यात बगॅसची धूळ जाऊन बसते. उष्णता वाढली की तो आपली गती आपणच मंद करतो. नोंदी साठविणारी चकती झिजते, किंवा केवळ भरून जाते आणि पुढचे लिहिणे थांबते. वीज गेल्यावर त्याला सांभाळणारी बॅटरी दोनतीन वर्षांत निकामी होते, आणि ती निकामी झाल्याचे वीज गेल्यावरच कळते. यांपैकी कोणतीही गोष्ट एका दिवसात घडत नाही. साऱ्या खुणा आधी दिसतात. पाहणारा मात्र हवा.

आता ती रात्र सांगतो. कारखाना आपल्या जिल्ह्यातील नव्हे; त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. हंगाम ऐन भरात होता. पहाटेचे तीन वाजत आले होते. पडद्यावर बॉयलरच्या ड्रममधील पाण्याची पातळी बावन्न टक्के दिसत होती. इतकी उत्तम पातळी पाहून मी चहा मागविला. थोड्या वेळाने खालून फोन आला. बोलणारे आमचे वृद्ध बॉयलर-परिचर होते. सारे त्यांना मामा म्हणत. "साहेब, काचेत पाणी दिसेनासं झालंय." बॉयलरला एक काचनळी असते, तिच्यात ड्रममधील पाणी प्रत्यक्ष डोळ्यांना दिसते. मी पडद्याकडे पाहिले. बावन्न टक्के. मी उत्तर दिले, "मामा, काच पुसून पाहा. इथे पाणी बरोबर आहे."

मामांनी काच पुसली नाही. त्यांनी प्रथम भट्टीत जाणारा बगॅस बंद केला, मग हवेचे पंखे थांबविले. आणखी एक गोष्ट त्यांनी केली नाही, आणि ती मला त्याहून मोठी वाटते: घाबरून त्यांनी पाणी सोडले नाही. कोरड्या, तापलेल्या नळ्यांवर पाणी पडते तेव्हा त्याची क्षणात वाफ होते, आणि बॉयलर फुटून माणसे मरतात ती अशाच वेळी. वाफ उतरली, दिवे मंद झाले, गाळप थांबले, आणि मी अजून बावन्न टक्क्यांकडे पाहत होतो.

झाले होते ते असे. संगणकाचा पंखा धुळीने बंद पडला होता. आतली उष्णता वाढून, नियंत्रकाकडून आकडे आणणारा कार्यक्रम वीसेक मिनिटांपूर्वीच गोठला होता. पडदा मात्र उजळ होता. शेवटचा आकडा त्यावर तसाच चिकटून राहिला होता. दरम्यान पाणी पुरविणारा पंप बंद पडला. नियंत्रकाला ते समजले. परंतु घंटा वाजविण्याचे काम संगणकाकडे होते, आणि संगणक डोळे उघडे ठेवून झोपला होता. बॉयलरला शेवटच्या पातळीवर बंद करणारे एक स्वतंत्र संरक्षण होते. ते कदाचित वेळेवर चाललेही असते. त्या "कदाचित"च्या खाली त्या रात्री अकरा माणसे काम करीत होती.

चौकशीत दोष पंख्यावर गेला. मी गप्प बसलो. पंख्याने मामांना काच पुसावयास सांगितले नव्हते, हे मी आज प्रथमच चारचौघांत बोलतो आहे.

पुढच्या हंगामापूर्वी आम्ही जे केले त्यात खर्च नगण्य होता. नियंत्रकाने दर सेकंदास एक अंक वाढवावयाचा. संगणकाने तो वाचून जसाच्या तसा परत लिहावयाचा. दहा सेकंद अंक परत आला नाही, तर नियंत्रकाने स्वतःच्या तारेने, संगणकाला न विचारता, भोंगा वाजवावयाचा. उलट बाजूने, अंक वाढेनासा झाला तर संगणकाने पडद्यावरील सर्व आकडे करडे करून टाकावयाचे, म्हणजे शिळा आकडा ताजा म्हणून कोणी वाचणार नाही. आमच्या धंद्यात यास हृदयाचे ठोके म्हणतात. मला ती माळ्यावरची हाकच वाटते. भोंगा संगणकाकडे ठेवला नाही, यातच सारी मेख आहे. झोपलेल्याला "झोपलास का?" असे विचारून "हो" असे उत्तर कधी आले आहे काय?

ठोके आहेत की नाहीत, एवढे कळणे ही पहिली पायरी. पुढे आम्ही संगणकाची प्रकृतीही मोजू लागलो. त्याच्या पोटातील तापमान, पंख्याचे मिनिटाचे फेरे, चकतीवरील मोकळी जागा व तिच्यातील बिघडलेल्या स्थानांची संख्या, बॅटरीचा भार: हे सारे आकडे यंत्राच्या आत आधीपासूनच असतात. संगणकांच्या जाळ्यावरून अशी विचारपूस करण्याची एक सर्वमान्य रीत १९८८ मध्ये ठरली. तिला एसएनएमपी म्हणतात. निरनिराळ्या कंपन्यांच्या यंत्रांना एका भाषेत बोलता यावे म्हणून १९९६ मध्ये ओपीसी नावाचा संकेत आला. या दोहोंची सांगड घातली की संगणकाचे तापमान त्याच पडद्यावर, बॉयलरच्या दाबाशेजारी येऊन बसते. त्याच्यासाठी वेगळा कक्ष नको, वेगळा माणूस नको. जो रात्रपाळीवर बॉयलर पाहतो, तोच हेही पाहतो.

पहिल्याच हंगामात एक मजेची गोष्ट दिसली. संगणकाच्या तापमानाची रेषा आठदहा दिवस हळूहळू चढे आणि मग एकाएकी खाली येई. कारण शोधता असे आढळले की झाडूवाल्या बाई मनाला येईल तेव्हा कपाटाची धूळजाळी झटकीत, आणि त्या दिवशी रेषा उतरे. तेव्हापासून जाळी झटकण्याचा वार ती रेषा पाहून ठरू लागला. त्या बाईंना आम्ही तो आलेख दाखविला, तेव्हा त्या म्हणाल्या, "मग माझा पगार कुठल्या रेषेवर दिसतो?" या प्रश्नाचे उत्तर कोणाजवळही नव्हते.

नव्याच्या उत्साहात आम्ही चूकही केली. प्रत्येक आकड्यास घंटा जोडली. रात्रभर घंटा वाजू लागल्या आणि आठवड्याभरात मुलांनी आवाज बंद करून ठेवला. शेवटी तीनच घंटा उरविल्या. बाकीचे आकडे सकाळच्या पाळीने वहीत उतरावेत असे ठरले. त्या वहीवर सही करणाऱ्याचे नाव ठरलेले असे. नाव नसेल तर ते काम कोणाचेच नसते, हे आपल्या मंडळाच्या कार्यकारिणीलाही ठाऊक आहे.

हे सारे आमच्या खेडवळ कारखान्यातच घडते असे कोणी समजू नये. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्याच्या एका वीज-कंपनीत दुपारी सव्वादोनच्या सुमारास इशारे देणारी संगणक-प्रणाली तिच्यातील एका सुप्त दोषामुळे मुकी झाली. पडदे चालू होते, इशारा एकही नव्हता; तेव्हा तासाहून अधिक काळ कर्मचाऱ्यांना सर्व कुशल वाटले. त्या अवधीत वीजवाहक तारा झाडांना टेकून एकामागून एक बंद पडत होत्या. चार वाजून गेल्यावर अमेरिका व कॅनडा मिळून सुमारे पाच कोटी लोकांची वीज गेली. तो अहवाल मी वाचला तेव्हा मला माझे बावन्न टक्के आठवले.

आता घरचे एक उदाहरण. आपल्याच जिल्ह्यात, औंढा नागनाथजवळ, लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहावयाची आहे. तिच्या सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी दिली. चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, आणि त्यांच्या टोकांना टांगलेले आरसे. अमेरिकेतील अशाच वेधशाळांमध्ये हे आरसे स्थिर ठेवणारे संगणक सेकंदाला १६,३८४ वेळा आपला फेरा पूर्ण करतात. प्रत्येक फेऱ्यास किती वेळ लागला, हाही तेथे आरशाच्या हालचालीइतकाच नोंदविण्याजोगा आकडा मानला जातो. उशीर झाला की खूण उमटते. विश्वाच्या पलीकडून आलेल्या लहरीवर विश्वास ठेवण्यापूर्वी, ऐकणारा जागा होता काय, हे प्रथम पाहावे लागते.

या वेधशाळेत, किंवा वाळूज-चाकणच्या कारखान्यांत, समोर बसलेल्या मुलामुलींपैकी काही जण उद्या कामास लागतील. मंडळाच्या शिष्यवृत्ती-समितीस माझी विनंती आहे की अभियांत्रिकीच्या पदवीबरोबरच उपकरण-तंत्रज्ञाच्या आयटीआय शिक्षणासही साहाय्य द्यावे. मामा चौथी शिकले होते. त्यांना मी पुढे एकदा विचारले, "माझे न ऐकता तुम्ही भट्टी कशी बंद केली?" ते म्हणाले, "तुम्ही वर होता साहेब, मी काचेपाशी होतो."

वेळ बरीच झाली, पंक्तीची तयारीही झालेली दिसते. त्या रात्री बंद पडलेला पंखा मी जपून ठेवला आहे आणि आज सोबत आणला आहे; पात्यांवरचा बगॅस अजून तसाच आहे. भोजनानंतर ज्यांना पाहावयाचा असेल त्यांनी मंडपाच्या उजव्या बाजूस यावे. लहान मुलांनी हात लावला तरी हरकत नाही.