जुनी बॅटरी : गोठा, परसबाग आणि कायदा
(शेतकरी मेळाव्यातील भाषण)



पीक संरक्षणावर बोलणारा माणूस आज बॅटरीवर काय बोलणार, असे तुम्हाला वाटेल. पण आपल्या शेतावर बॅटऱ्या किती झाल्या ते मोजून पाहा. ट्रॅक्टरची एक, घरच्या इन्व्हर्टरची एक, पाठीवरच्या फवारणी पंपात एक, रानडुकरांसाठी लावलेल्या झटका मशीनला एक. सौर कृषिपंपाला बहुधा बॅटरी नसते, तेवढे बरे. या बॅटऱ्या निकामी झाल्या की कुठे जातात? बहुतेक गोठ्याच्या कोपऱ्यात किंवा उकिरड्यालगत.

ट्रॅक्टरच्या बॅटरीचे निम्म्याहून अधिक वजन शिशाचे असते, आणि आत गंधकाम्ल असते. आम्ल सांडले तर आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत ते बऱ्याच अंशी मारले जाते. शिशाचे तसे नाही. ते कुजत नाही आणि पावसाने फारसे खालीही झिरपत नाही. जमिनीच्या वरच्या थरात, म्हणजे जिथे आपण मेथी-पालक लावतो तिथेच, ते वर्षानुवर्षे राहते. मुळांवाटे पिकात थोडेच जाते. खरा धोका पानांना आणि कंदांना चिकटलेल्या मातीचा व धुळीचा आहे.

जनावरांचे पाहा. फुटक्या बॅटरीच्या पट्ट्या गुरे चाटतात, चघळतात. वासरांना तर ही सवय फार. मग जनावर आंधळ्यासारखे चालते, दात खाते, भिंतीला डोके लावून उभे राहते, झटके येतात. अशी लक्षणे दिसली तर घरगुती उपायात वेळ न घालवता पशुवैद्यकांना बोलवा आणि आसपास बॅटरी पडली होती का, हे त्यांना आवर्जून सांगा. वाचलेल्या जनावराच्या दुधातही शिसे उतरू शकते, म्हणून ते दूध केव्हापासून वापरायचे हेही त्यांनाच विचारा.

लहान मुलांच्या मेंदूला शिसे कायमची इजा करते, आणि त्याची सुरक्षित अशी मात्राच आढळलेली नाही. सेनेगल देशात डाकारजवळच्या थियारोये-सुर-मेर या वस्तीत जुन्या बॅटऱ्या फोडून शिसे काढण्याचा धंदा चाले. तिथे 2007 च्या नोव्हेंबरपासून 2008 च्या मार्चपर्यंत 18 बालके दगावली. शिसे 327 अंश सेल्सिअसला वितळते, चुलीवरसुद्धा. जाळ्याची वजने ओतण्यासाठी ते घरी वितळवणारे आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

आता कायदा. हा कायदा राज्याचा नसून केंद्राचा, पर्यावरण (संरक्षण) अधिनियम 1986 खालचा आहे. 2001 चे नियम फक्त शिसे-आम्ल बॅटरीपुरते होते. ऑगस्ट 2022 मध्ये त्यांच्या जागी बॅटरी कचरा व्यवस्थापन नियम आले. त्यांत लिथियमसह सर्व प्रकारच्या बॅटऱ्या येतात. जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांच्या पुनर्वापराची व्यवस्था करण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. त्या पुरणे वा जाळणे यांस मनाई आहे. पुनर्चक्रण करणाऱ्या कारखान्याने राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. ग्राहकाकडे, म्हणजे तुमच्याआमच्याकडे, एवढेच काम आहे की बॅटरी इतर कचऱ्यात मिसळायची नाही आणि ती योग्य ठिकाणी द्यायची. बॅटरीवर फुली मारलेल्या कचरापेटीचे चित्र असते, ते याचसाठी.

कागदावर हे ठीक आहे. पण माझ्या मते खेड्यात नियम अडतो तो दारावरच्या भंगारवाल्यापाशी. तो रोख पैसे देतो, पण बॅटरी पुढे कुठे फुटते हे कोणी विचारत नाही. त्यापेक्षा नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिच्या किमतीची वजावट बिलावर लिहून घ्या. नेताना ती उभी ठेवा, आम्ल ओतून हलकी करू नका. आम्ल सांडलेच तर हातमोजे घालून त्यावर खायचा सोडा किंवा चुना टाका. फवारणी पंपाची लिथियम बॅटरी फुगली असेल तर ती टोचू नका, चार्जही करू नका, पेट घेते. दुकानात नेईपर्यंत ती घराबाहेर, कडब्यापासून लांब, कोरड्या वाळूत ठेवा.